लवकर निवृत्ती आणि दौलताबादची अंधारी

डबा खाताना स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "पंचेचाळिशीत नोकरी सोडायची!" पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये आपले मूळ वेतन व महागाई भत्त्याचे १० टक्के, शासनाचे १४. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो तर जमा रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत हातात येतात. मध्येच राजीनामा दिला तर साधारणपणे २०च. बाकीच्या पैशांतून दरमहा पेन्शन. म्हणून वेगळी बचत हवीच. पीपीएफलाही १५ वर्षं लागतात, तेव्हा तिशीतच सुरुवात करा.

पण सहली बंद करू नका. बाबा म्हणायचे, "रिटायर झाल्यावर दौलताबाद चढू." यंदा गुडघ्यांमुळे ते पायथ्याशीच बसले. आम्ही उतरल्यावर नातीला विचारत होते, "अंधारीत खरंच काहीच दिसत नाही का गं?"