कातळाची परीक्षा पायथ्याशी

अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीला सरदार सरोवर दिसते ते फुगवट्याच्या बाजूने. पाणी किती चढले, किती शेते बुडाली, हाच हिशेब इथे पिढीभर मांडला गेला. पण एवढी किंमत घेऊन उभे राहिलेले धरण महापुरात टिकेल का, याचे उत्तर भिंतीच्या पलीकडे, सांडव्याच्या पायथ्याशी असते.

या सांडव्याला 30 दरवाजे आहेत. त्यातून सेकंदाला सुमारे 85 हजार घनमीटर पाणी जाऊ शकते. सेकंदाला 1 घनमीटर पाणी 100 मीटर खाली पडले, तर साधारण 1 मेगावॅट शक्ती मोकळी होते. महापुरात ही उंची 50 मीटरच धरली, तरी शक्ती 40 हजार मेगावॅटच्या वर जाते. धरणाच्या दोन्ही वीजगृहांची मिळून क्षमता आहे 1,450 मेगावॅट. पुराची ही शक्ती पायथ्याच्या काँक्रीटच्या कुंडात जिरवावी लागते. जी जिरत नाही, ती नदीतळाचा कातळ खोदते.

बसाल्टचा तुकडा हातात घेतला तर अभेद्य वाटतो. पण पाणी दगड झिजवत बसत नाही. ते भेगांत शिरते, दाब क्षणाक्षणाला बदलतो आणि अख्खा ठोकळा उचलला जातो. म्हणून जॉर्ज ॲनन्डेल यांनी 1995 साली मांडलेल्या पद्धतीत दगडाच्या ताकदीबरोबर ठोकळ्यांचा आकार, भेगांमधली पकड आणि त्यांची दिशा यांचाही गुणाकार होतो. ही संख्या पाण्याच्या शक्तीशी ताडून पाहायची. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये मऊ लाल मातीचा पट्टा असेल, तर भाकीत त्या पट्ट्यावरच ठरते. सरदार सरोवरच्या पायातही असे पट्टे आहेत, शिवाय पात्रात प्रस्तरभंग आहे.

फार मोठाच पूर लागतो असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाच्या आपत्कालीन सांडव्यावरून फेब्रुवारी 2017 मध्ये प्रथमच पाणी वाहिले, सेकंदाला जेमतेम 360 घनमीटर. तरी खालची डोंगरउतरण भिंतीच्या दिशेने खचत गेली आणि सुमारे 1 लाख 88 हजार लोकांना घरे सोडावी लागली. तिथला खडक कुजलेला होता.

सप्टेंबर 2023 मध्ये सरदार सरोवरातून सेकंदाला सुमारे 50 हजार घनमीटर पाणी सुटले आणि भरूच बुडाले. असा प्रत्येक पूर म्हणजे भाकिताची चाचणीच. पाणी ओसरल्यावर सांडव्याखालचा तळ मोजावा, आधीच्या आकड्यांशी ताडावा आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. भरूचला ते सुरक्षिततेसाठी हवेत. मणिबेलीला, आपण दिलेल्या जमिनीवर काय उभे आहे हे कळण्यासाठी.