पाण्याकाठी, भाग ६ : भेंड आणि ओळंबा

पाबळ म्हटलं की कुणाला मस्तानीची समाधी आठवते, कुणाला डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. पाण्यासाठी मात्र पाबळचं नाव कुणी घेत नाही. शिरूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग पर्जन्यछायेत येतो, आणि वेळ नदी पावसाळा सरला की नावालाच नदी उरते. बाकी वर्ष इथलं सगळं पाणी साठवलेलं. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर लोकांनी माती वाहून उभे केलेले पाझर तलाव, थिटेवाडीचा बंधारा, विहिरी, आणि गेल्या काही वर्षांतली शेततळी. मागच्या भागात आपण धारेच्या पाण्यात गळ टाकला होता. तिथे धारच आमिष नेते आणि मासाही घाईत असतो. साठलेल्या पाण्यात कुणालाच घाई नसते. म्हणून तिथे गळाची जोडणी फार बारकाईने करावी लागते.

इंग्लंडात तळ्यावर भेंडाची अशी बारकाईची जोडणी पाइकसाठीही करतात. आपल्याकडे पाइक नाही. लांबट अंगाचा, बदकाच्या चोचीसारख्या चपट्या तोंडाचा तो शिकारी मासा पाणवनस्पतींत निश्चल उभा राहतो आणि जवळून जाणाऱ्या माशावर तीरासारखा सुटतो. हे वर्णन वाचून पाबळचा कुठलाही पोरगा म्हणेल, ही तर आमची मरळ. दोघांचं कूळ वेगळं, पण धंदा एकच. म्हणून पाइकची जोडणी समजून घ्यायची आणि मरळीच्या स्वभावाप्रमाणे बदलायची, असं आजचं काम आहे.

तंगूस, भेंड, वजन आणि गळ, एवढंच सामान लागतं. त्यात भेंडाला लोक सर्वांत हलकं समजतात. ते बुडालं की मासा लागला, एवढीच त्याची किंमत. तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, मला पहिल्यांदा काठी हातात दिली तेव्हा ते म्हणाले, “भेंड म्हणजे काटा आहे, वाण्याच्या तराजूचा. तो खोटा असला तर सगळा सौदा खोटा.” त्या वयात वाटलं, तात्या उगाच मोठं करून सांगताहेत. आता चाळीस वर्षं पाण्याकाठी बसल्यावर मी तेच सांगतो आहे.

भेंड करायला ज्वारीचं वाळलेलं ताट पुरतं. शाळूचा कडबा घराघरांत असतो. बोटापेक्षा किंचित जाड ताटाचं पेर घ्यायचं, वरची साल सोलायची, की आतलं पांढरं भेंड मिळतं. लहानपणी त्याच भेंडाच्या बैलगाड्या आपण सगळ्यांनी केल्या आहेत. दीड सेंटिमीटर जाडीचा आणि सहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा बस झाला. त्याच्या मधून बांबूची बारीक काडी आरपार घालायची, वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं बाहेर राहील अशी. भेंड पाणी पितं, म्हणून मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात तुकडा दोनदा बुडवायचा. वरच्या टोकाला तांबडा रंग द्यायचा. उन्हात पाणी चमकतं तेव्हा पांढरं टोक दिसत नाही, आणि ढगाळ दिवशी काळं दिसत नाही.

दुसरं उत्तम भेंड मोरपिसाच्या दांडीचं. इंग्लंडातले गळवाले आजही त्या दांडीला मान देतात. आपल्याकडे मोराची चिंचोळी हाकेच्या अंतरावर. पावसाळा संपता संपता मोर आपणहून पिसारा टाकतो, तेव्हा रानात गळून पडलेलं पीस मिळालं तर ठीक. मोराच्या अंगाला हात लावून काढलेलं पीस मला नको, आणि कुणी वापरू नये. तो राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आता तराजू. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. वर सांगितलेल्या तुकड्याचं आकारमान साधारण साडेदहा घन सेंटिमीटर होतं. काडी आणि मेण धरून तो दोन ग्रॅम भरला असं समजू. म्हणजे पूर्ण बुडायच्या आधी तो आणखी साडेआठ ग्रॅम वजन पेलू शकतो. त्याच्या खाली दोन ग्रॅमचं वजन टांगलं, तर साडेसहा ग्रॅमची ताकद फुकट शिल्लक राहते. मरळीने आमिष ओढलं की ही सगळी शिल्लक तिला पाण्याखाली ओढावी लागते. माशाला ते जाणवतं. शहाणी मरळ तिथेच आमिष थुंकते, आणि काठावरचा माणूस म्हणतो, “नुसतं हललं आणि गेलं.” ते नुसतं हलणं हाच दंश होता.

म्हणून भेंड जवळजवळ बुडेपर्यंत वजन वाढवायचं. पाण्याबाहेर फक्त तांबडी काडी आणि भेंडाचा करंगळीच्या नखाएवढा माथा राहिला पाहिजे. वजनाला लोक शिसं वापरतात. मी सोडलं. ब्रिटनमध्ये गळवाल्यांच्या शिशाच्या गोळ्या गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे बारीक शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या पाझर तलावावर बदकं उतरतात, आणि त्याच पाण्यात गुरं तोंड घालतात. शिवाय शिशाची गोळी दातांनी चेपायची सवय पोरांना लागते, ती वेगळीच. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट घ्या. लोखंडाचं वजन पाण्यात आठव्या हिश्शाने कमी भासतं. म्हणजे पाण्यात सात ग्रॅम ओढ हवी असेल, तर हवेत आठ ग्रॅमचे नट लागतात. एक मोठा नट आणि एक छोटा, एवढ्यात काम होतं. शेवटचा बारीक तोल मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळणाऱ्या तांब्याच्या तारेने साधायचा. नटावर दोन वेढे घाला, हौदात सोडून बघा, एक वेढा काढा, पुन्हा बघा. हे सगळं घरच्या हौदात करायचं. तळ्यावर जाऊन तोल लावायला बसलो तर सकाळ संपते.

आमिषाचं वजन या हिशोबात धरू का, असं अनेक जण विचारतात. गांडुळाचं धरा, थोडं. जिवंत छोट्या माशाचं धरू नका. मासा पाण्यात स्वतःचं वजन स्वतःच पेलतो, त्यामुळे भेंडावर त्याचा भार जवळपास शून्य असतो. त्याची ओढ मात्र असते, आणि ती सारखी चालू असते. त्यासाठी माथा किंचित जास्त बाहेर ठेवायचा.

भेंड तंगुसावर बसवायचं ते दोन ठिकाणी, वर आणि खाली, सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे घालून. तंगूस आधी नळीतून ओवायचा आणि मग नळी काडीवर चढवायची. ओल्या बोटांनी भेंड वर-खाली सरकतं, एरवी जागचं हलत नाही. बांबूच्या काठीला ही रीत पुरेशी आहे, कारण तंगूस काठीएवढाच असतो.

रीळ असलेली काठी घेऊन थिटेवाडीच्या भिंतीजवळ दोन पुरुष पाण्यात गळ सोडायचा असेल, तर ही रीत चालत नाही. भेंड गळापासून दोन पुरुष वर बांधलं, तर फेकताना ते काठीच्या टोकाला अडकतं. इथे पाइकवाल्यांची युक्ती कामी येते. भेंड तंगुसावर मोकळं सोडतात. जितकी खोली हवी, तिथे तंगुसावर सुती दोऱ्याची घट्ट गाठ मारतात, आणि गाठीखाली एक बारीक मणी ओवतात. गाठ इतकी लहान असते की काठीच्या कड्यांतून सहज निघून रिळावर गुंडाळली जाते. गळ पडला की वजन खाली जातं, तंगूस भेंडातून सरकतो, गाठ येऊन मण्याला टेकते आणि भेंड उभं राहतं. पाइकच्या तोंडात मागे वळलेले शेकडो दात असतात, म्हणून त्याच्या गळाआधी वीत-दीडवीत पोलादी तार घालावीच लागते. मरळीलाही दात आहेत, पण बहुतेकदा जाड तंगूस टिकतो. मोठ्या फूलमरळीसाठी मी क्लच केबलचा एक पदर सोडवून वापरतो.

खोली कशी कळते? गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसाच इथेही लावायचा. गळाला भेंड बुडवेल असा जड नट अडकवा आणि अंदाजाने भेंड बांधून पाण्यात सोडा. भेंड दिसेनासं झालं तर खोली जास्त आहे, भेंड वर सरकवा. भेंड आडवं पडलं तर तंगूस जास्त झाला, खाली सरकवा. भेंड उभं राहून तांबडं टोक नेमकं पाण्याबाहेर आलं, की भेंडापासून गळापर्यंतचं अंतर म्हणजे तिथली खोली. असा ओळंबा चार-पाच जागी टाकला की तळ्याचा तळ डोळ्यांपुढे उभा राहतो. जुनी बांधकामाची खाण कुठे, उतार कुठून, गाळ किती. पाझर तलावात हे फार बोलकं असतं, कारण बांधासाठी जिथून माती उचलली तिथे आजही खड्डे आहेत. लोकांनी कुठे टिकाव मारले होते, ते भेंड सांगतं.

आणि आता मरळीपुरता बदल. पाइक कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळे थंडीत तो तळाशी पडून राहतो. तिथे लोक बांगडा किंवा तारलीसारखा मेलेला मासा तळाजवळ टांगून त्याला पकडतात. मरळीचं तसं नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी पोकळी असते, आणि थोड्या थोड्या वेळाने तिला वर येऊन हवा गिळावीच लागते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तर ती बुडून मरते. साठलेल्या, सडक्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात बाकी मासे उताणे पडतात तेव्हा मरळ जिवंत राहते, ती या पोकळीमुळे. म्हणून तिची नजर वर असते. खोली दोन पुरुष असली तरी आमिष भेंडाखाली हातभर ठेवा, पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या कडेला. ओळंब्याने खोली कळल्यावर त्यातली नव्वद टक्के आपण सोडून देतो. तरीही ती माहीत असावी लागते, कारण मरळ लागली की ती खोलात घुसते, आणि खड्डा कुठे आहे हे आधीच ठाऊक असावं.

वाऱ्याचंही बघा. तळ्याचं पाणी स्थिर दिसतं, पण वारा सुटला की वरचा थर वाऱ्याबरोबर सरकतो आणि खालून पाणी उलटं परततं. तंगूस पाण्यावर तरंगत राहिला, तर वारा त्याला पोट काढून भेंड ओढत नेतो. फेकल्यावर काठीचं टोक क्षणभर पाण्यात बुडवून तंगूस ओढून घ्या, म्हणजे तो पाण्याखाली बसतो.

बेडूक लावू नका. तात्यांच्या पिढीत सर्रास लावत, आणि मरळ त्यावर तुटून पडते हे खरं आहे. पण बेडूक रात्रभर आपल्याच शेतातले किडे खात असतो. बेडकाच्या पायांची परदेशात निर्यात होत होती ती १९८७ साली बंद झाली, ती याच काळजीने. गांडुळांचा झुबका किंवा झिंगा पुरतो.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा दिसला, तर काठी गुंडाळून दुसरीकडे जा. खाली आईबाप राखणीला असतात. त्या गोळ्यातून आमिष ओढलं की ते भुकेने नाही, पिल्लांसाठी झडप घालतात आणि हमखास सापडतात. ही पकड ज्यांना मर्दुमकीची वाटते, त्यांच्याशी मी दर वर्षी भांडतो. आईबाप गेल्यावर तो गोळा दोन दिवसही टिकत नाही.

दंशाची ओळख अशी. आधी भेंड थरथरतं, कारण आमिषाने मरळीला पाहिलेलं असतं. मग ते एका बाजूला सरकतं, आणि तिरकं होऊन शांतपणे खाली जातं. गांडूळ असेल तर भेंड जाताक्षणी मनगटाने हिसका द्या. छोटा मासा असेल तर तो आधी तोंडात आडवा धरला जातो आणि वळवून डोक्याकडून गिळला जातो, म्हणून दोन-तीन आकडे मोजा. दहा मोजू नका. मी एकदा मोजले होते. हाताएवढ्या मरळीच्या पोटात गळ गेला, आणि तो काढता काढता मी तिची जी दशा केली, ती मला अजून दिसते. तसं झालंच तर तंगूस तोंडाजवळ कापा, ओढाताण करू नका. गळाचा उलटा काटा पक्कडने चेपून टाकला, तर हा प्रसंग बहुधा येतच नाही.

दोन गोष्टी तळ्यावर जाण्याआधीच्या. तलावातले मासे बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. त्यांना विचारून बसा. मरळ त्यांची कटला-रोहूची बोटुकली खाते, त्यामुळे सहसा ते नाही म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट शेततळ्याची. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शिवारात तीस मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल अशी तळी दिसू लागली. त्यातल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ओला पाय टिकत नाही. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, आणि अशा तळ्यांत पोरं गेली आहेत. गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडल्याशिवाय तिथे बसू नका, आणि एकटे तर कधीच नाही.

मरळ खायला घरी नेणार असाल तर काठावरच डोक्यावर एक नेमका फटका मारून तिला संपवा. ती हवेवर जगते, त्यामुळे पोत्यात ती तासन्‌तास जिवंत राहते. बाजारात तिला भाव मिळतो तोही जिवंत असते म्हणूनच. पण आपल्या हातात तिला इतका वेळ तडफडत ठेवायचं काही कारण नाही.

पुढच्या भागात गाठी बघू. तोवर कडब्याच्या पेंढीतून चार सरळ पेरं निवडून माळ्यावर कोरड्या जागी ठेवा, आणि उंदरांपासून जपा.