गच्चीवरील दोन इंचांचें ओझें

पावसाळ्यांत गच्ची गळूं लागली कीं शहरांतील घरमालक बहुधा एकच उपाय योजतो. आहे त्या गच्चीवर काँक्रीटचा आणखी एक थर! थर अवघा दोन इंचांचा, म्हणून त्याच्या वजनाचा विचार कोणी करीत नाहीं. तो करण्यास मात्र शाळेंतील गुणाकाराहून अधिक विद्या लागत नाहीं.

पदार्थाचें घनफळ व घनता ह्यांचा गुणाकार म्हणजे त्याचें वजन. घनता म्हणजे एक घनमीटर पदार्थ किती भरतो तें. पाणी १,००० किलो भरतें. नेहमींचें काँक्रीट सुमारें २,४०० किलो, आणि आंत लोखंडी सळया असल्यास २,५०० धरतात. हा आकडा खडीच्या जातीप्रमाणें बदलतो. रोम येथील पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत बांधतांना कारागिरांनीं खालच्या भागांत दगडाचे जड तुकडे घातले, आणि माथ्याकडे हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरला. तो घुमट अद्याप उभा आहे.

आतां गच्ची घ्यावी. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, थर २ इंच. येथेंच पुष्कळांचा हिशेब फसतो. फुटांना इंचांनीं गुणून १,२०० हा निरर्थक आकडा हातीं येतो. दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा हिस्सा, म्हणून घनफळ १०० घनफूट. एका घनमीटरांत सुमारें ३५.३ घनफूट असतात; तेव्हां घनफूटभर काँक्रीट ६८ किलो, व सगळा थर ६,८०० किलो. अडुसष्ट किलो वजनाचीं शंभर माणसें गच्चीवर नेऊन बसवावीं, तसेंच हें. फरक इतकाच कीं हीं माणसें कधीं खालीं उतरत नाहींत.

हें ओझें दर चौरस मीटरला सुमारें १२२ किलो पडतें. ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर माणसें व सामान ह्यांकरितां भारतीय मानकाप्रमाणें धरावयाचा भारच मुळीं चौरस मीटरला सुमारें १५० किलो आहे. म्हणजे एका थरानें बहुतेक सवड खाऊन टाकली. आणि कांहीं घरांवर असे तीन-तीन थर चढलेले असतात.

म्हणून नवा थर देण्यापूर्वीं जुना उकरून काढावा, व स्थापत्य अभियंत्यास एकवार दाखवावें. उकरलेला राडारोडा मात्र रोजच्या रोज खालीं उतरवावा. एका कोपऱ्यांत ढीग रचला तर वजन तेंच राहतें, पण तें पेलणारी जागा चार हातांची उरते.