तापानंतर मूल सुकते आहे? आधी साखर तपासा

कात्रजच्या आमच्या वस्तीतील एका सात वर्षांच्या मुलीला ताप आला व चार दिवसांत उतरला. पण पोर सुकू लागली. माठाजवळून हलेना, रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागली. तापाचा अशक्तपणा असेल म्हणून शेजाऱ्यांनी ग्लुकोजची पावडर पाजायला सांगितली. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे उलट्या, पोटदुखी, धाप. सरकारी दवाखान्यात बोटातून रक्ताचा थेंब काढला, तेव्हा साखर ४८० निघाली! पोर थोडक्यात वाचली.

तापानेच मधुमेह झाला काय, असे तिची आई विचारते. शास्त्रज्ञांचा काही विषाणूंवर, विशेषतः कॉक्सॅकी बी गटावर, जुना संशय आहे. १९७९ साली अमेरिकेत या आजाराने दगावलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडातून असा विषाणू वेगळा काढला गेला. पण सगळा दोष विषाणूचा नाही. शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी मारते. २०२५ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा हीच शक्ती मज्जातंतूंवर उलटली होती. मधुमेहात ही पडझड बहुधा महिनोन्‌महिने आधीच चालू असते. ताप येतो आणि ती उघडी पडते, एवढेच.

तेव्हा आईने गोड खाऊ घातले म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून हे झाले, असे बोलणाऱ्यांना बंधू-भगिनींनो, तिथेच थांबवा. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पण तो प्रौढ वयात जडलेला. मुलांचा हा प्रकार निराळा. यात गोळ्या, काढे, अंगारे चालत नाहीत. इन्शुलिन रोज, जन्मभर. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी अशी मुले वर्ष-दोन वर्षांत जात. आजही कुणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद केले, तर काही दिवसांतच जिवावर बेतते.

फार तहान, फार लघवी, वजनात घट, थकवा, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना म्हणा, "साखर तपासा." तपासणीला मिनिटही लागत नाही. उलट्या किंवा धाप असेल, तर रात्र काढू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा.

आता ती मुलगी शाळेत जाते. इन्शुलिनमुळे कधी साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात. म्हणून दप्तरात साखरेची पुडी असते. "मधुमेह आणि साखर खातेस?" म्हणून पोरे हसत. बाईंनी सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. विहारातल्या रविवारच्या बालवर्गातही एक पुडी आम्ही ठेवली आहे.