परवलीचा शब्द संगणकाला तरी ठाऊक असतो का?

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली की अनेक शाळांच्या कचेरीत एक ठरलेला प्रसंग घडतो. शाळेचे ई-मेल खाते उघडायचे असते. नाव लिहिले जाते, परवलीचा शब्द लिहिला जातो आणि पडद्यावर तांबडी ओळ उमटते : पासवर्ड चुकीचा आहे. मग दुसरे कोणी येऊन तोच शब्द अधिक जोराने कळा दाबून लिहितात. चार-सहा प्रयत्नांनंतर खाते काही काळापुरते बंदच होते आणि सगळा दोष ‘नेट’वर जातो. खरे तर बहुतेक वेळा नेटचा काही दोष नसतो. आपण शब्द लिहितो आणि पलीकडचा संगणक ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो, या दोन क्षणांच्या मध्ये काय घडते हे समजले तर अडचण कुठे आहे याचा अंदाज पुष्कळदा बसल्या जागी करता येतो.

पूर्वी ई-मेल एका ठराविक संगणकावर, त्यासाठीच्या खास प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्यावी लागे. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि जगातल्या कोणत्याही संगणकावरून, साध्या ब्राउझरमधून आपली पत्रे वाचण्याची सोय झाली. (ज्या भाषेत वेबपाने लिहितात त्या एचटीएमएलची अक्षरे नावात यावीत म्हणून हे नाव निवडले होते.) सोय मोठी झाली, पण तिचा दुसरा अर्थ असा की, खोलीला लावलेले कुलूप आता उपयोगाचे राहिले नाही. खाते जगात कुठूनही उघडता येते, म्हणून ‘हे खाते माझे’ असे सांगणारा पुरावा एकच उरला, तो म्हणजे परवलीचा शब्द.

संगणकावर परवलीचा शब्द वापरण्याची कल्पना याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास एक संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था बनवली. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला. हे सगळे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने ही यादी चक्क छापून मिळवली. त्याला संगणकावर कामासाठी मिळणारा वेळ अपुरा पडत होता, तो इतरांच्या नावाने मिळवायचा होता! पुढे १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, जो कोणी संगणक सुरू करील त्याच्यासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच उमटू लागली.

यातून धडा मिळाला तो असा : यादी कितीही जपली तरी कधीतरी फुटणार. मग यादीत शब्द ठेवलाच नाही तर? शब्द न ठेवता तो ओळखायचा कसा, हा खरोखरच गमतीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

समजा, परवलीचा ‘शब्द’ म्हणजे चार अंकी संख्या आहे, ४३२१. तिचा वर्ग करू या : १८६७१०४१. या आठ अंकांमधले मधले चार घेऊ : ६७१०. पुन्हा वर्ग करू : ४५०२४१००. मधले चार : ०२४१. ही झाली ४३२१ ची खूण. (वर्ग सातच अंकी आला तर डावीकडे शून्य लावून आठ अंक करावेत.) आता शेजारची संख्या घ्या, ४३२२. तिचा वर्ग १८६७९६८४, मधले चार ६७९६, त्याचा वर्ग ४६१८५६१६, मधले चार १८५६. दोन संख्यांमध्ये फरक फक्त एकाचा, पण खुणा ०२४१ आणि १८५६! शिवाय दर पायरीला आपण चार अंक टाकून देतो, त्यामुळे नुसत्या ०२४१ वरून उलट दिशेने ४३२१ पर्यंत पोहोचण्याचा सरळ रस्ता राहत नाही. ई-मेल पुरवणाऱ्याच्या संगणकावर असेच काहीसे असते. तिथे ४३२१ लिहिलेले नसते, फक्त ०२४१ लिहिलेले असते. आपण शब्द लिहून पाठवला की त्या क्षणी त्याची खूण काढली जाते आणि नोंदीतल्या खुणेशी ताडून पाहिली जाते. जुळली तर दार उघडते.

प्रत्यक्षातील रीत अर्थातच वर्ग करण्याइतकी साधी नसते. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या प्रणालीतील पद्धत प्रसिद्ध केली. तीत हेतुपुरस्सर वेळखाऊ असे गणित लागोपाठ २५ वेळा केले जाई. त्यांनी आणखी एक युक्ती केली. दोन माणसांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तर दोघांच्या खुणाही सारख्या येतील आणि एकाचा शब्द कळला की दुसऱ्याचाही कळेल. म्हणून खूण काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात एक वेगळा, आपोआप निवडलेला आकडा मिसळला जातो. संगणकाच्या क्षेत्रात याला ‘मीठ’ असेच म्हणतात. त्या काळी मिठाचे ४०९६ प्रकार होते, आज त्यांची गणतीच नाही.

आता कचेरीतल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. ‘माझा जुना पासवर्ड मला कळवा’ अशी विनंती कुणाकडे केली तरी व्यर्थ आहे, कारण नीट चालवलेल्या सेवेत तो कुणालाच ठाऊक नसतो. म्हणूनच ‘पासवर्ड विसरलो’ असे कळवले की जुना शब्द मिळत नाही, नवा ठरवायला सांगतात. उलट एखाद्या संकेतस्थळाने आपला जुनाच शब्द जसाच्या तसा पत्रातून पाठवला, तर तिथे शब्द नुसतेच लिहून ठेवलेले आहेत असे खुशाल समजावे आणि तोच शब्द दुसरीकडे वापरला असेल तर आजच बदलावा.

दुसरी गोष्ट : शब्द ‘जवळजवळ बरोबर’ असून भागत नाही. एका अक्षराच्या फरकाने खूण पूर्ण बदलते, त्यामुळे पलीकडच्या संगणकाला आपण किती जवळ आलो होतो हे कळतच नाही. तो बिचारा फक्त ‘चूक’ एवढेच म्हणू शकतो. आणि अक्षर म्हणजे संगणकाला दिसणारी आकृती नव्हे, तो एक क्रमांक असतो. इंग्रजी लिपीतील मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७. कॅप्स लॉकची कळ दाबलेली राहिली की सगळे क्रमांक बदलले. मोबाइलवर काही वेळा पहिले अक्षर आपोआप मोठे होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला शब्द तसाच उचलून चिकटवला तर शेवटी एक रिकामी जागाही येते, तिलासुद्धा ३२ हा क्रमांक असतो! आपल्याकडची खास अडचण म्हणजे मराठी टंकलेखन. कळफलक मराठीवर राहिला आणि आपण आकडा लिहिला तर इंग्रजी एकऐवजी देवनागरी १ जाऊ शकतो. पहिल्याचा क्रमांक ४९, दुसऱ्याचा २४०७. पडद्यावर दोन्ही ठिकाणी सारखेच काळे ठिपके दिसतात, म्हणून हा दोष डोळ्यांना सापडत नाही. उपाय सोपा आहे. शब्दाच्या चौकटीशेजारी डोळ्याचे चित्र असते, ते दाबले की ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. आजूबाजूला विद्यार्थी नाहीत हे पाहून ते दाबावे आणि एकदाच, सावकाश वाचावे. पाच वेळा घाईने लिहिण्यापेक्षा हे बरे, कारण फार प्रयत्न झाले की चोर शब्द हुडकत आहे असे समजून सेवा दार लावून घेते. ते दार लागले की थांबणे हाच उपाय, धक्के मारून ते लवकर उघडत नाही.

काही वेळा शब्द बरोबर असतो, ‘चुकीचा’ अशी ओळही येत नाही, पण पान हलून पुन्हा तेच प्रवेशाचे पान समोर येते. याचे कारण निराळे आहे. वेबवरील देवाणघेवाणीला मुळात स्मरणशक्ती नाही. आपण पत्रांची यादी मागितली, मग एक पत्र उघडले, तर ही दोन्ही मागणी एकाच माणसाची आहे हे तिला कळत नाही. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी तोडगा काढला, त्याला ‘कुकी’ म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो, तसा शब्द जुळल्यावर ब्राउझरला एक बिल्ला मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो दाखवत राहतो. कुकी स्वीकारू नयेत अशी मांडणी ब्राउझरमध्ये असेल तर बिल्ला हातात राहतच नाही, आणि आपण दर वेळी दाराशीच. तेथे जुना, निकामी बिल्ला पडून असेल तरी घोटाळा होतो. खात्री करायची असेल तर ब्राउझरची ‘खाजगी’ किंवा ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडून पाहावी, तिच्यात जुने बिल्ले नसतात. तेथे खाते उघडले तर दोष बिल्ल्यांचा, आणि त्या संकेतस्थळाच्या कुकी पुसून टाकल्या की काम होते. शाळेच्या सामाईक संगणकावर काम झाल्यावर नुसती खिडकी बंद करून का भागत नाही, हेही यातून समजेल. बिल्ला संगणकातच राहतो. ‘साइन आउट’ केले म्हणजे तो रद्द होतो.

शाळांच्या प्रयोगशाळेत आढळणारा एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. जुना संगणक सुरू करावा, तर ई-मेलच काय, कोणतेच संकेतस्थळ धड उघडत नाही, ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. शेजारच्या मोबाइलवर सारे ठीक चालते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागची असेल! संगणकाच्या मुख्य पाटीवर बटणाच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम त्याचे. तो संपला की घड्याळ मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळख पटवणारे प्रमाणपत्र असते, त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. आपल्या संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही, म्हणून तो ते नाकारतो. त्याचे वागणे योग्यच आहे. तारीख दुरुस्त केली की इशारा जातो, सेल बदलला की तो परत येत नाही.

घड्याळाचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. काही खात्यांना शब्दाखेरीज मोबाइलवरील अ‍ॅपने दाखवलेला सहा अंकी आकडा लागतो. हा आकडा कुठून येत नाही, मोबाइल तो स्वतःच बनवतो. नोंदणीच्या वेळी दोन्ही बाजूंनी एक गुप्त संख्या वाटून घेतलेली असते. तिच्यात १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती टप्पे झाले तो आकडा मिसळून दोन्ही बाजू तेच गणित करतात. म्हणून हे अ‍ॅप नेट नसतानाही चालते, पण मोबाइलचे घड्याळ दोन-तीन मिनिटे चुकले की आकडा जुळत नाही. वेळ ‘आपोआप’ घेण्याची मांडणी ठेवावी. एसएमएसने येणाऱ्या आकड्याला हे लागू नाही, तो पलीकडेच तयार होतो.

आता सर्वांत अवघड प्रकार. शाळेचे खाते पाच-सात वर्षांपूर्वी ज्या गुरुजींनी किंवा बाईंनी उघडले, त्यांची बदली झाली. शब्द कुणाला आठवत नाही आणि नवा शब्द ठरवण्यासाठी येणारा आकडा त्यांच्याच मोबाइलवर जातो. तो क्रमांकही त्यांनी सोडला असेल, तर टेलिफोन कंपनी काही काळाने तो दुसऱ्याला देते, आणि शाळेच्या खात्याची किल्ली एखाद्या परक्या माणसाच्या खिशात जाते. येथे कुठलीही युक्ती चालत नाही. पलीकडच्या संगणकाला शाळा, शिक्का, मुख्याध्यापक यांतले काही कळत नाही, त्याला फक्त शब्द आणि क्रमांक कळतो. आमच्या मते पदभार देण्या-घेण्याच्या यादीत जडसंग्रह नोंदवहीच्या खालीच या खात्याची ओळ असायला हवी, आणि पदभार घेणाऱ्याने त्याच दिवशी, आधीचे शिक्षक समोर असताना, क्रमांक बदलून घ्यावा. गूगलच्या खात्यात एकदाच वापरता येणारे दहा राखीव आकडेही मिळतात. ते छापून सेवापुस्तकांच्या कपाटात ठेवता येतात. वर्षातून एकदाच खाते उघडणाऱ्या शाळांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : २०२३ मध्ये गूगलने असा नियम केला की, दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतील पत्रांसह काढून टाकले जाऊ शकते.

अशा अडचणीच्या वेळीच ‘आपले खाते बंद होत आहे, येथे शब्द लिहा’ अशी पत्रे खरी वाटतात. तेथे पत्ता उजवीकडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘मेल डॉट गूगल डॉट कॉम’ हा गूगलचा पत्ता. ‘गूगल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन’ हा मात्र अमुकतमुकचा, त्यात गूगल कितीही वेळा आले तरी.

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. वर दिलेल्या वर्ग करण्याच्या रीतीत ७००० ची खूण काढा, मग ३००० ची काढा. ज्याने ७००० हा परवलीचा आकडा ठेवला, त्याचे खाते आणखी कोणकोणत्या आकड्यांनी उघडेल ते शोधा. खूण सहा अंकांची असती तर काय झाले असते, यावर नववी-दहावीच्या मुलांना एक तास आनंदाने वाद घालता येईल.