कोणत्या कामाला कोणता खिळा?



भारतातून येताना आम्ही सामानाबरोबर आईचा सागवानी पाट आणला होता. काही वर्षांनी त्याच्या खालची पट्टी सुटली. घरात सापडलेला दोन इंची जाड खिळा आम्ही फळीच्या टोकाजवळ ठोकला आणि फळी उभी चिरली. लाकूड जुने झाले असे म्हणून आम्ही गप्प बसलो. पण दोष लाकडाचा नव्हता, आमचा होता. तिकडून आणलेले असे सामान पुष्कळांच्या घरी असेल, म्हणून हे चार शब्द.

लांबीचा नियम सोपा आहे. वरची फळी जितकी जाड, त्याच्या सुमारे तिप्पट खिळा लांब हवा. फळी 18 मि.मी. असेल तर 50 मि.मी., म्हणजे आपला दोन इंची खिळा. मात्र दोन्ही लाकडांची जाडी मिळून जितकी होते, त्यापेक्षा तो कमीच असावा, नाहीतर टोक पलीकडे निघेल. नेहमी पातळ लाकडातून जाड लाकडात ठोकावे.

आमच्या खिळ्याची लांबी बरोबर होती, चुकली ती जाडी आणि जागा. जुने सागवान कडक असते. तेथे आधी खिळ्यापेक्षा थोडे बारीक भोक पाडावे. दोन खिळे लाकडाच्या एकाच रेषेत ठोकू नयेत. टोकापासून जरा आत यावे.

आता प्रकार पाहू. चपट्या मोठ्या डोक्याचा खिळा खोकी, फळ्या अशा दणकट कामाला. बारीक डोक्याचा खिळा दिसणाऱ्या कामाला. त्याचे डोके आत दाबून वर पुट्टी भरली की तो दिसत नाही. त्याहून बारीक त्या चुका. तसबिरीची चौकट, नक्षीची पट्टी, पातळ प्लायवूड यांना त्या पुरतात. यंत्राने मारायच्या खिळ्यांवर गेजचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितका खिळा बारीक. 16 गेज सुमारे 1.6 मि.मी., तर 18 गेज सुमारे 1.2 मि.मी. जाड असतो.

स्टेपल मारायच्या यंत्राला हिब्रूत ‘शदखान’ म्हणतात, म्हणजे सोयरीक जुळवणारा! पण ही सोयरीक हलक्या वस्तूंचीच. खुर्चीचे कापड बसवायला 6 ते 8 मि.मी. पायाची स्टेपल पुरते, जाड रेक्झिनला 10, कपाटाच्या पाठीच्या पातळ प्लायवूडला 12 ते 14. ज्या जोडावर माणसाचे वजन येते, तेथे केवळ स्टेपलवर विसंबू नये.

अश्दोद, अश्कलोनसारख्या समुद्रकाठच्या गावी साधा खिळा लवकर गंजतो. कोकणात खिळ्याभोवती उमटणारे तांबडे डाग आपण पाहिलेच आहेत. बाहेरच्या कामाला जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्यावेत.

मेझुझा लाकडी चौकटीवर वर आणि खाली अशी दोन्हीकडे बसवावी, म्हणजे ती लोंबकळत नाही. डबीच्या दोन टोकांच्या भोकांतूनच बारीक खिळे घालावेत. मधून ठोकल्यास आतल्या चर्मपत्राला भोक पडेल. चौकट लोखंडी असेल तर खिळ्याचा हट्ट सोडून दोन्हीकडून चिकटणारी मजबूत पट्टी वापरावी.

आपल्या वयात हात थरथरतो. बारीक चूक बोटांनी न धरता पक्कडीत किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचून धरावी. डोळ्यांवर चष्मा असावा. शिडीवर मात्र नातवाला चढवावे आणि आपण खालून माप सांगावे.

पाटाची चीर पुढे आम्ही सरस भरून, दोरीने आवळून सांधली. मग भोके पाडून बारीक खिळ्यांनी पट्टी बसवली. मलिद्याचे ताट आजही त्याच पाटावर ठेवतो.