ताण कामाचा की टार्गेटचा?

राष्ट्रीयीकृत बँकेत मी आधी काउंटरवर होते, पुढे शाखाधिकारी झाले. सगळ्यात जास्त ताण कधी आला, असं विचारणाऱ्याला ‘मार्च एंडिंग’ हे उत्तर अपेक्षित असतं. मार्च एंडिंगला रात्री उशिरापर्यंत बसावं लागायचं, मान-पाठ भरून यायची. पण कॅश जुळली, डे-एंड झाला की घरी जाऊन मी गाढ झोपत असे. माझी झोप उडवली ती विम्याच्या टार्गेटनं. मुदत ठेवीसाठी आलेल्या पेन्शनर आजोबांच्या गळ्यात पॉलिसी मारायची. ते नको म्हणाले की रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाखांची यादी यायची, त्यात मागे पडलेल्यांची नावं लाल रंगात. हप्ता भरण्याइतका पैसा आमच्या गावात किती घरांत उरतो, हे टार्गेट ठरवणाऱ्यांनी एकदाही विचारलं नाही.

रॉबर्ट करासेक या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ साली नेमकं हेच मांडलं. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. रेटा असूनही मुभा असेल, तर माणूस त्याच कामात शिकतो, फुलतो. लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सुरू केला. त्यात हृदयविकाराचं प्रमाण वरिष्ठ साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या लोकांत जास्त निघालं आणि कामावर ताबा नसणं हे त्याचं एक मोठं कारण ठरलं. ‘मोठ्या खुर्चीला मोठं टेन्शन’ असं आपण सहज म्हणतो. तेव्हा काउंटरवरचा क्लार्क आणि दफ्तरी आपल्या हिशेबातच नसतात.

ताणाचं दुसरं कारण बदलीचं. आमच्या शाखेतल्या एका हुशार सहकारी बाईंनी प्रमोशनची परीक्षा दिलीच नाही. प्रमोशन म्हणजे बदली, आणि मुलगी दहावीला, सासूबाई अंथरुणाला. मग वर्षानुवर्षं नव्या साहेबांना काम शिकवायचं त्यांनीच. समाजशास्त्रज्ञ योहान्स सिग्रिस्ट सांगतात की माणूस जितकं ओततो तितका पगार, मान, सुरक्षितता परत मिळाली नाही, तर ती तफावतच शरीराला पोखरते.

तासांचा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा, म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आम्हाला मात्र प्राणायामाची कार्यशाळा मिळाली. श्वास सोडा, शांत व्हा. प्राणायाम चांगलाच, पण टार्गेटचा आकडा तसाच ठेवून कर्मचाऱ्याला श्वास शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या शाखेत मी एवढं केलं: कॅशच्या खिडकीवर कोणी कधी बसायचं, जेवायला कोणी कधी उठायचं, याचं वेळापत्रक स्टाफनंच ठरवायचं. काम तेवढंच, माणसं तेवढीच. पण दुपारची वादावादी कमी झाली आणि आजारपणाच्या रजाही. टार्गेट वरूनच येत राहिलं, तिथे माझं काही चाललं नाही.